भंडाऱ्यापुढची कैफियत

"कबूल," मी म्हणालो आणि खाली बसलो. बसल्यावर ध्यानात आलं, की जज्जसाहेबांनी ते मला विचारलंच नव्हतं. विचारलं होतं माझ्या पक्षकाराला, बिरप्पा धनगराला. तो घोंगडं खांद्यावर टाकून माझ्या मागं उभा होता, बोलायला त्याचं तोंड नुकतं उघडत होतं, आणि त्याचा शब्द माझ्याच तोंडून निघून गेला होता. ह्यात तसं नवीन काही नाही. पक्षकाराच्या वतीनं बोलायचं म्हणूनच तर आम्हाला हा काळा कोट. अर्धं आयुष्य मी सोलापूरच्या कोर्टात दुसऱ्यांच्या वतीनं कबूल आणि नाकबूल म्हणत आलो आहे. पण त्या दिवशी बसता बसता काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तसं. मी वळून बिरप्पाकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटून घेतलं होतं.

दावा लहानसा होता. होटगीच्या अलीकडं माळावर राहणारे हे दोघे धनगर भाऊ. थोरला सिदू तापानं गेला. त्याची बायको मायाक्का म्हणत होती, नवरा जिवंत असतानाच भावाभावांची वाटणी झाली होती, तेव्हा त्याच्या वाट्याचा कळप आणि माळाचा तुकडा आता माझा. बिरप्पाच्या वतीनं मी म्हणत होतो, वाटणी झालीच नाही. झाली असेल तर सिदूचं सगळं बाईचं. झाली नसेल तर आमच्या हिंदू कायद्याप्रमाणं ते मागं राहिलेल्या भावाचं, आणि बाईनं उरलेला जन्म त्याच्या दारात पोटगीवर काढायचा. एवढ्याशा गोष्टीवर एका बाईचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि ती गोष्ट घडली तेव्हा तिथं दोन भाऊ, ती बाई, मेंढरं आणि बिरोबाचा दगड एवढेच हजर होते. त्यातला एक भाऊ आता नव्हता आणि मेंढरांची साक्ष चालत नाही.

खरं तर मेंढरांची साक्षही तिनं आणली होती. सिदूच्या मेंढरांचा डावा कान चिरलेला आणि बिरप्पाच्या मेंढरांचा उजवा, वाटणीच्या दिवशीच चिरले, असं तिनं सांगितलं. उलटतपासाला मी उठलो. "आजारी मेंढरू ओळखू यावं म्हणूनही कान चिरतात की नाही?" "चिरत्यात की." "वाटणीचा कागद केला होता?" "न्हाय." "पाटलाला, तलाठ्याला कळवलं होतं?" "न्हाय." "बरं, चूल तरी वेगळी मांडली होती?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "धनगराची कसली चूल, सायेब? तीन दगडं. आज हितं, उद्या तितं." कोर्ट हसलं. मीही हसलो, कारण साक्षीदारावर कोर्ट हसलं की निम्मा दावा पडला, हे आम्ही जाणतो. ते हसणं मायाक्कानंही ऐकलं. तिनं पदर खोचला आणि कुणी न विचारता जज्जसाहेबांना म्हणाली, "ह्येनं बिरोबाम्होरं भंडारा उचलावा आनि म्हनावं, वाटणी झाली न्हाय म्हून. मी दावा सोडते." तिचा वकील तिला खाली बसवायला धडपडला. पण असं म्हणायची सोय कायद्यात आहे. पक्षकारानं दुसऱ्याच्या शपथेवर हवाला ठेवला आणि दुसऱ्यानं ती शपथ घेतली, तर ते बोलणं पहिल्यावर कायमचं बंधनकारक. जज्जसाहेबांनी तिला हे पुन्हा पुन्हा समजावलं. वरच्या कोर्टातही जाता येणार नाही, म्हणाले. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "व्हय, कळलं." मग त्यांनी बिरप्पाकडं मान वळवून विचारलं, अशी शपथ घ्यायला कबूल आहेस का, आणि मी म्हणालो, कबूल.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असा हा प्रकार होता. ना साक्षी, ना पुरावा, ना भाषण. माझ्या माणसानं चिमूटभर हळद हातात घेऊन एक वाक्य म्हणायचं, की दावा निकालात. तरुणपणी मी असल्या यशानं आठवडाभर मिशीला पीळ दिला असता. आता मिशाही विरळ झाल्या आहेत. मी कागद बांधून बाहेर आलो, तर बिरप्पा लिंबाच्या झाडाखाली उकिडवा बसला होता. मला पाहून उठला.

"वकीलसायेब, योक इचारू?"

"विचार."

"वाटणी झाली न्हाय, आसं म्हनायचं न्हवं?"

"तसंच."

"पर ती झाली हुती की."

आज ऊन फार आहे, असं म्हणावं तितक्या सहज तो हे म्हणाला. मी आधी आजूबाजूला पाहिलं. वकिलाचा पहिला विचार तोच असतो, कुणी ऐकलं तर नाही ना. मग हळू आवाजात विचारलं, "इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमीच सांगितलासा की. कागद न्हाय तर वाटणी कोन मानतंय, म्हनलासा. मला वाटलं, सरकारनं मोडली."

"अरे, तशी मोडत नसते."

"मंग सरकारात झाली का न्हाय?"

मी छत्री उघडायला लागलो. "सरकारचं ऱ्हाऊ द्या," तोच म्हणाला. "बिरोबा तर तितंच हुता. त्येच्याम्होरंच येक-येक मेंढरू सोडलं. त्येला काय सांगू? भंडारा उचलू का नगं, तुमी सांगा." त्याच्या डोळ्यांत कावा नव्हता. वैद्याला औषध विचारावं तसं तो विचारत होता. आणि मी, ज्याला लोक रस्त्यात अडवून सल्ला विचारतात तो मी, "तारखेला बघू," म्हणून चालायला लागलो.

घरी जाताना मला त्याची पहिली भेट आठवत होती. दारात चपला काढून तो आत आला होता आणि खुर्ची दाखवली तरी जमिनीवरच बसला होता. मेंढ्यांचा, ताकाचा आणि धुराचा वास खोलीभर झाला होता. म्हणाला, वैनी मेंढरं घेऊन माहेराला चालली, तिचा भाऊ कळप खाटकाला घालील, नखाएवढी होती तवापासनं मी राखली, काय करता यील का? मी विचारलं, वाटणीचा कागद आहे का? नाही म्हणाला. मग वाटणी कोण मानतो, मी म्हणालो. वाटणी झाली का, हे मी विचारलं नाही. ते आम्ही विचारतच नाही. धंद्यात आलो तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिला धडा दिला होता, की पक्षकाराला खरं काय झालं ते कधी विचारू नये, सांगायला लागला तर पाणी मागवावं. खरं माहीत झालं की जीभ अडखळते. माझी जीभ कधी अडखळली नाही. तोंडी वाटणीसुद्धा कायद्याला पुरते, हे मला पाठ होतं. पण ते सांगायला मला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं माझं वाक्य निकालासारखं उचललं, हलक्या मनानं उठला आणि जाऊन कळप अडवला, तेव्हा बाईनं दावा लावला. मी लेखी कैफियत लिहिली. तिचं पहिलं वाक्य नेहमीचंच होतं, की वादीचं सर्व म्हणणं खोटं आहे. बिरप्पानं त्याखाली अंगठा दिला. वाचून दाखवली होती. मी भरभर वाचतो.

चाटी गल्लीच्या तोंडाशी मला एका कापडवाल्यानं थांबवलं. भाडेकरू दुकान सोडत नाही, काय करू? नोटीस द्या, पोच ठेवा, तोंडी काही बोलू नका. पुढं एक पद्मसाळी विणकर भेटला, शेजाऱ्यानं भिंत पुढं आणली म्हणाला. माप घ्या, पंचांच्या सह्या घ्या, तोंडी काही बोलू नका. मी चालता चालता सांगत होतो आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. लग्नाच्या पंगतीत लोक मला वाढणी थांबवून वारसाबद्दल विचारतात. एकदा मसणवटीत, चुलत्याला आमच्या लिंगायत रीतीनं पुरून परतताना, एकानं मला बांधाची तक्रार सांगितली होती, आणि मी पायाची माती झटकत त्याला मुदत सांगितली होती. तोंडी काही बोलू नका! सगळं गाव माझ्या सल्ल्यानं मुकं होत चाललं आहे, असं त्या उन्हात मला वाटलं. गिरणीचा भोंगा झाला आणि पाळी सुटलेली माणसं कापसाचे तंतू केसांत घेऊन माझ्या बाजूनं वाहत गेली. त्यांतला कुणी काही विचारू नये म्हणून मी छत्री खाली ओढली.

आई आजारी होती तेव्हाचं आठवलं. ती ह्याच दिवसांत गेली, चैत्रात. शेवटच्या आठवड्यात तिनं मला जवळ बोलावून कानडीत विचारलं होतं, संगप्पा, मी बरी होईन का? डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं होतं. मी म्हणालो, "नाही असं म्हणता येणार नाही." आईनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, हे उत्तर कोर्टात दे. तिला राग आला नव्हता. तिनं कूस बदलली एवढंच, आणि मग मला काही विचारलं नाही. तिला काय हवं होतं? हो किंवा नाही. अशिक्षित म्हातारीला तेवढं झेपलं असतं. मला झेपलं नाही. तिच्या अंगाला लावलेल्या हळदीचा आणि तेलाचा वास त्या खोलीत पुढं कितीतरी दिवस होता.

पार्वतम्मानं, माझ्या बायकोनं, ताट वाढलं. मी तिला बिरप्पाचं सगळं सांगितलं, जे मी सहसा करत नाही. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. "मग काय सांगणार आहात त्याला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, कायद्यानं पाहिलं तर दोन बाजू आहेत. तो नकार देऊ शकतो. नकार दिला तर दावा पुढं चालेल, पण जज्जाच्या मनात पाल चुकचुकणारच. शपथ घेतली तर प्रश्नच मिटला. शिवाय ती शपथ म्हणजे तरी काय, हळद आहे. आपण लिंगायत, आपला बिरोबाशी काय संबंध? "मी बाजू नाही विचारल्या," पार्वतम्मा म्हणाली. "तुम्ही घरातसुद्धा कैफियतच देता." मग तिनं चटणी वाढली आणि विषय संपला.

तारखेच्या सकाळी आम्ही गाडीनं होटगीला गेलो. शपथ नोंदवून घ्यायला कोर्टानं कमिशनर म्हणून एक तरुण वकील नेमला होता. डोक्यावर नवी हॅट, आणि धनगरांचं देऊळ बघायला मिळणार म्हणून स्वारी खुशीत. मी खिडकीबाहेर पाहत होतो. करपलेली जमीन, बाभळी, मधेच एखादी विहीर. मी मनाशी सारखं म्हणत होतो, की मी काही खोटं बोलणार नाही, बोलेल तो. वकिलाचं काम पक्षकाराचं म्हणणं मांडण्याचं. हे सगळं बरोबरच होतं. पुस्तकात तसंच आहे. पण ते म्हणणं मुळात आलं कुठून, हा प्रश्न स्टेशन येईपर्यंत माझ्यासमोरच्या बाकावर बसून होता.

बिरोबाचं देऊळ म्हणजे चार दगडांच्या भिंती, पुढं ओटा आणि ओट्यावर पितळेचं ताट. ताटात भंडारा, पिवळाधमक. माणसं फारशी नव्हती. म्हातारा पुजारी, दोन-चार धनगर, लांब कळप आणि कळपाभोवती हुंगत फिरणारं कुत्रं. मायाक्का एका बाजूला उभी होती. कोर्टात होती त्याहून ती इथं उंच वाटली. कमिशनरनं कागद काढून शपथेचं वाक्य वाचलं. "माझी व मयत सिदूची वाटणी झालेली नाही." बिरप्पा पुढं झाला, पण त्याची नजर मायाक्काकडं गेली. ती म्हणाली, "भावजी, माज्याकडं बगू नगा. देवाकडं बगा आनि उचला."

बिरप्पानं खाली वाकून ताट दोन्ही हातांनी उचललं. कमिशनरनं लेखणी सरसावली. बिरप्पा देवाकडं वळलाच नाही. तो ताट घेऊन माझ्याकडं चालत आला आणि ते त्यानं माझ्यापुढं धरलं.

"सायेब, आदी तुमी उचला," तो म्हणाला. "मंग मी उचलतो."

"मी?"

"कैफियत तुमी लिवली. कोर्टात कबूल तुमीच म्हनलासा. शबूद तुमचं हायती. माज्या तोंडात ते आजून आलंच न्हाईत." त्यानं ताट आणखी जवळ आणलं. "कोर्टात आदी तुमी बोलता, मागनं आमी. हितं बी तसंच आसंल की."

कमिशनर हसला आणि कुणीच हसत नाही असं पाहून थांबला. बिरप्पा मला टोमणा मारत नव्हता. टोमणा असता तर मी तो परतवला असता, माझा धंदाच तो. त्याला खरोखर वाटत होतं की कामाची रीत अशीच आहे. माझ्याकडं उत्तर तयार होतं, की शपथ पक्षकाराची असते, वकिलाची नव्हे. ते ओठांपर्यंत आलंही. पण ताट माझ्या छातीशी होतं आणि भंडाऱ्याचा वास सरळ नाकात शिरत होता, आईच्या खोलीतला तो वास. हळद आहे ही, मी स्वतःला म्हणालो. स्वयंपाकघरात रोज असते. एक चिमूट उचलायला काय लागतं? उजव्या हातातली छत्री मी डाव्या हातात घेतली. म्हणजे उचलायची तयारी केली होती, हे मी नाकारत नाही. आणि हात तिथंच राहिला. जड झाला असंही नाही. तो नुसता वर गेला नाही. सगळी माणसं माझ्या त्या हाताकडं पाहत होती, मायाक्कासुद्धा, आणि मला फार थकवा आला. आजवर म्हटलेली सगळी कबूल-नाकबूल त्या एका हाताला लटकल्यासारखी झाली.

"कमिशनरसाहेब, लिहा," मी म्हणालो. "प्रतिवादी शपथ घेण्यास नकार देतो."

त्यानं लिहिलं. मग मान वर करून म्हणाला, "नकाराचं कारण? कायद्याप्रमाणं कारण नोंदवावं लागतं."

कारणं मला पुष्कळ सुचत होती. प्रकृती ठीक नाही. शपथेची पद्धत मान्य नाही. देवळाची जागा वादातली आहे. ह्यातलं कुठलंही चाललं असतं आणि दावा आणखी दोन वर्षं जगला असता. मी बिरप्पाकडं वळलो. "वाटणी झाली होती का?" मी विचारलं. कोर्टकचेरीच्या एवढ्या काळात मी हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारत होतो. "हे तुझं तू बोल. बोललास तर कळप जाईल, हे ध्यानात घे. मी मधे बोलणार नाही."

बिरप्पानं लांबच्या कळपाकडं पाहिलं. "झाली हुती," तो म्हणाला. "कबूल." आणि ताट त्यानं ओट्यावर ठेवून दिलं.

मायाक्का मटकन ओट्यावर बसली. मला वाटलं रडेल, पण ती भडकली. "ह्येच आदी बोलला आसता तर? पाऊसकाळभर भावाच्या दारात भावजयीची बोलनी खात बसले मी! न्हवऱ्याच्या माघारी माजं तोंड खोटं पाडलं समद्यांनी!" समद्यांनी म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं. बिरप्पा खालमानेनं ऐकत होता. ती दमून थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, "वैनी, खाटकाला न्हाय ना घालायची?" मायाक्कानं नाक पुसलं. "माजी मेंढरं हायती. मी राखीन. तुला चारायला यायचं तर ये, न्हायतर नगं." मग ती उठली, ताटातला भंडारा मूठभर घेतला आणि रीतीप्रमाणं देवावर, कळपाच्या दिशेनं आणि उभ्या असलेल्या सगळ्यांवर उधळला. कमिशनरनं हॅट वाचवली. मला काही वाचवता आलं नाही.

परतीच्या गाडीत मी एकटाच एका डब्यात बसलो. आपण पक्षकाराचा दावा स्वतःच्या हातानं बुडवला, हे कळत होतं. बाररूममध्ये बाकीचे वकील काय म्हणतील तेही कळत होतं. बरं वाटत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. फक्त झोप येत होती, लांबचं ओझं उतरल्यावर हमालाला येते तशी. घरी पार्वतम्मानं कोट घासला, साबण लावला, उन्हात टाकला. कॉलरवरचा पिवळा डाग काही गेला नाही. काळ्यावर फारसा दिसत नाही, ती म्हणाली. पण मला दिसतो.

दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. भिंतीवाला तो विणकर आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, भिंतीचा जुना कागद सापडत नाही. दावा लावता येईल का?" तोंडातून नेहमीचं येऊ लागलं होतं. ते मी गिळलं.

"कागदाचं राहू दे," मी म्हणालो. "आधी सांग, भिंत खरोखर कुणी पुढं आणली? त्यानं, का तू?"

तो चपापला. त्यानं माझ्या कॉलरकडं पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं. "विचार करून येतो, साहेब," म्हणाला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वकिलाकडं गेला. त्या वकिलानं त्याला बसायला जागा केली आणि पहिलाच प्रश्न विचारला. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण काय विचारलं ते मला ठाऊक होतं. कागद आहे का?